भरल्या पोटी घ्यायची गोळी

दादा गेला त्या दिवशी सकाळी त्याने दवाखान्यातल्या डाळीला नावं ठेवली. नाकात नळी होती, तोंड आतून सगळं सोललेलं, आणि इतका वाळलेला की चादरीखाली माणूस आहे का नुसती उशी ते कळू नये. जेवणाची गाडी अजून बाहेर पॅसेजमध्येच होती. डोळे मिटलेले तसेच ठेवून त्याने नाक जरा उडवलं आणि मला हळूच म्हणाला, "ठमे, डाळ खाली लागलीय. वरनं पाणी ओतून झाकलंय बघ."

शेजारच्या खाटेवर एक म्हातारे होते. त्यांना डाळ वाढल्यावर वाटीजवळ नाक नेलं तर खरंच, करपल्याचा वास. मी म्हटलं, "गप पड. तुला कुठं खायचीय?"

तर म्हणतो, "मला नाही, पण त्यांना खायचीय ना."

मग नर्सबाई आल्या. त्यांनी गोळी कुटून एका छोट्या वाटीत पाण्यात कालवली, पिचकारीत भरली आणि नळीतून सोडली. मागोमाग नुसतं पाणी सोडलं. नळीच्या आतल्या अंगाला औषध चिकटून राहतं, ते पाण्याने धुऊन पोटात ढकलावं लागतं, नाहीतर निम्मं नळीतच राहतं. दादाचं सगळं लक्ष त्या वाटीकडे. तळाला पांढरं पांढरं राहिलं होतं. त्याने बोट दाखवलं. नर्सबाई हसल्या, वाटी पुन्हा विसळली, तेही सोडलं. दादा म्हणाला, "मिक्सरचं भांडं विसळून रश्शात घालतात तसं." त्यानंतर तो माझ्याशी काही बोलला नाही. दीड वाजता मी बेसिनवर त्याचा रुमाल पिळत होते, मागनं म्हाताऱ्यांनी हाक मारली, "अहो ताई, जरा बघा इकडं." मी येईपर्यंत संपलं होतं.

दादाला एचआयव्ही होता. हे मी आज पहिल्यांदा उघड लिहितेय. तो मला म्हणायचा, "मी आहे तोवर तोंड उघडायचं नाही. मी गेल्यावर मग दवंडी पीट." तर ही दवंडी. रोग कसा लागला ते त्याने सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. नऊ वर्षं फक्त मला माहीत होतं. या नऊ वर्षांत दोनच गोष्टींची काळजी होती, एक म्हणजे गोळी लागू पडली पाहिजे, आणि दुसरी म्हणजे कँटीनमध्ये कळता कामा नये. दुसरीच्या पायी पहिली गेली. तेच मला सांगायचंय.

आमचे आईबाप लवकर गेले. दादा माझ्याहून अकरा वर्षांनी मोठा. वेण्यासुद्धा त्यानेच घातल्या माझ्या, एक वर एक खाली. शाळेतल्या मुली हसायच्या, मी रडत यायची. तो म्हणायचा, "तू डोकं वाकडं ठेव, वेण्या सरळ दिसतील." पाचवीनंतर मी शाळा सोडली, त्याने दोन दिवस माझ्याशी अबोला धरला. माझं लग्न त्याने केलं, आणि ते मोडलं तेव्हा मला आणायलाही तोच आला. माझी ट्रंक डोक्यावर घेऊन पुढे चालत होता, आणि म्हणाला काय, "बरं झालं, जावई मेला फार जेवायचा." स्वतः लग्न केलं नाही. मी विचारलं की म्हणायचा, "तीनशे माणसं माझ्या हातचं जेवतात, आणखी एक कशाला वाढवू?"

तीनशे ही खरीच होती. काचेच्या बाटल्यांचा कारखाना, त्याच्या कँटीनचा तो मुख्य आचारी. सगळे त्याला वस्ताद म्हणायचे. पहाटे साडेपाचला घर सोडायचा. सकाळचा नाश्ता, दुपारचं जेवण, मग दुसऱ्या पाळीचं. तिथे एक रीत होती. ती दादाने नाही पाडली, त्याच्या आधीच्या आचाऱ्यापासून चालत आलेली. आचाऱ्याने पहिला घास चाखायचा आणि शेवटचा घास खायचा. म्हणजे झाकण उघडायच्या आधी प्रत्येक पातेल्यातलं पळीभर तळहातावर घेऊन चाखायचं, त्याने मान हलवली की मगच वाढायला न्यायचं. आणि कारखान्यातली सगळी माणसं जेवून उठली, भांडी घासायला पडली, की चार वाजता कँटीनची आठ माणसं एका लांब टेबलाला बसायची. भाजी चिरणाऱ्या मावशी, भांडीवाला, वाढपी आणि शेवटी दादा. उरलंसुरलं एकत्र मांडायचं आणि सगळ्यांनी मिळून खायचं.

मी एकदा त्याचा विसरलेला चष्मा द्यायला गेले होते तेव्हा पाहिलं. टेबलावर नुसता कल्ला. मावशी म्हणत होत्या, "वस्ताद, आज बटाटा कच्चा होता. माझी कवळी निघून हातात आली."

दादा म्हणाला, "मावशी, कवळीला उकडून आणत जा."

"तुझ्या तोंडाला काही हाड?"

"हाडं दुसऱ्या पाळीच्या रश्शात टाकली."

असं चालायचं. तो तिथला राजा होता. म्हणूनच भ्यायचा. आचाऱ्याला हा रोग आहे म्हटल्यावर कोण त्याच्या हातचं खाईल? स्वयंपाकातून तो रोग पसरत नाही, ताटावाटीतून नाही, शिवून नाही. हे आम्हाला डॉक्टरांनी सांगितलं होतं, दादाला पाठ होतं. पण तो म्हणायचा, "मला पाठ आहे. तीनशे जणांना कोण पाठ करून घेणार?"

आधी जी गोळी होती ती झोपताना रिकाम्या पोटी घ्यायची. तिने रोग आटोक्यात होता, रक्ताचे रिपोर्ट चांगले. पण सकाळी त्याला गरगरायचं. एकदा उकळत्या पातेल्यासमोर तोल गेला, मावशींनी मागनं कॉलर धरली म्हणून वाचला. हे त्याने डॉक्टरांना सांगितलं, मग त्यांनी गोळी बदलून दिली. चक्कर नाही, रोज एकच. फक्त ही जेवणाबरोबर घ्यायची. औषधांच्या खिडकीवरच्या मुलीने सांगितलं, "जेवणासोबत घ्या हं काका." दादाने मान हलवली. मीही शेजारीच उभी होते. मीही मान हलवली.

आता त्याच्या दिवसात जेवण कुठं होतं ते बघा. रात्री त्याला अन्न जायचंच नाही. दिवसभर फोडण्यांचा वास खाल्लेला, घरी आला की कपभर दूध आणि आडवा. चार वाजता काय ते पोटभर जेवायचा, पण ते त्या लांब टेबलावर, आठ जणांत. तिथे खिशातून गोळी काढली की मावशी लगेच, "काय रे वस्ताद, कसली गोळी?" मावशींच्या नजरेतून सुईसुद्धा सुटत नाही. दुसऱ्या दिवशी परत, "आज पण?" तिसऱ्या दिवशी बाटली हातात घेऊन वाचून दाखवतील. म्हणून त्याने सकाळची वेळ धरली. पहाटे काळा चहा प्यायचा, त्याच घोटाबरोबर गोळी, की निघाला.

मी एकदा म्हटलं होतं, "अरे, जेवणाबरोबर सांगितलंय ना?"

तो चपला घालत होता. म्हणाला, "सात वाजल्यापासून चाखतच असतो मी. डाळ, भाजी, भात, रस्सा, पुन्हा डाळ. दहा पातेल्यांतलं पळीपळी. माणूस दिवसाला खात नसेल इतकं मी चाखतो."

मला ते पटलं. आचाऱ्याच्या घरात चाखणं म्हणजे खाणंच की. तीस वर्षं तो तसाच जगला होता, सकाळपासून चारपर्यंत चाखण्यावर. कुणी विचारलं "खाल्लंस का?" तर "हो, खातोच आहे" हे त्याचं ठरलेलं उत्तर. खोटं नव्हतं त्याच्या मते. आणि आधीची गोळी रिकाम्या पोटीच होती, तीच सवय अंगात.

आता माझं सांगते. ते सांगितल्याशिवाय हे लिहिण्यात अर्थ नाही.

काळ्या चहाने आणि उपाशीपणाने त्याला छातीत जळजळायला लागलं. आंबट ढेकर, घशाशी पाणी. मी घरात चादरींच्या कडा शिवते, त्यामुळे सकाळी मी मशीनवर आणि तो चहा घेऊन उंबऱ्यात. त्याचं ते छाती चोळणं मला बघवेना. कोपऱ्यावरच्या मेडिकलवाल्याला मी विचारलं, त्याने पित्ताची गोळी दिली. साधी, कुणीही घेतं ती. म्हणाला रोज सकाळी एक, उपाशीपोटी. मी ती रोज बशीत काढून ठेवायची. दोन गोळ्या शेजारी शेजारी, एक त्याची, एक माझी. जळजळ थांबली. दादा म्हणाला, "ठमे, तू डॉक्टर व्हायला पाहिजे होतीस." मी इतकी खूश झाले की मेडिकलवाल्याकडून महिन्याची आणून ठेवायला लागले.

पित्ताची गोळी घेतल्याचं कुणाला सांगायचं असतं का? ते काय औषध आहे?

सव्वा वर्ष झालं आणि रक्ताचा रिपोर्ट बिघडला. रक्तात जे दिसत नव्हतं ते दिसायला लागलं. डॉक्टर म्हणाले, "गोळ्या चुकवताय तुम्ही."

दादा म्हणाला, "एकही नाही."

"सगळे असंच म्हणतात."

दादाने पिशवीतून रिकाम्या बाटल्या काढून टेबलावर मांडल्या. सगळ्या. जपून ठेवल्या होत्या त्याने, का ते देव जाणे. "मोजा," म्हणाला. डॉक्टर म्हणाले बाटली रिकामी म्हणजे पोटात गेली असं नाही. दादाचा चेहरा मी तसा कधी पाहिला नव्हता. ज्याचं मीठ तीस वर्षांत कधी जास्त झालं नाही, त्याला सांगितलं की तू खोटारडा आहेस. घरी येताना पुलावर थांबून म्हणाला, "पोटात नाही गेली तर कुठं गेली, कानात?"

चूक डॉक्टरांची असं मी म्हणत नाही. बाहेर बाकावर साठ माणसं बसलेली असतात. त्यांनी विचारलं, "जेवणाबरोबर घेता ना?" दादा म्हणाला, "हो." प्रश्न बरोबर, उत्तर बरोबर, आणि दोन्हींच्या मधे तो काळा चहा.

त्यानंतर पडझड सुरू झाली. खोकला, ताप, वजन. कँटीनमध्ये सांगितलं टायफॉइड आहे. नंतर सांगितलं अल्सर आहे. मावशींनी निरोप पाठवला की वस्तादला म्हणावं रोगसुद्धा एक धड धर. तो हसला, पण पुन्हा कामावर गेला नाही, कारण पळी उचलताना हात थरथरायला लागला होता आणि ते लपवता येत नव्हतं. मग तोंडात पांढरं आलं, घशात उतरलं, पाणी गिळताना डोळ्यांतून पाणी यायचं. शेवटी भरती केला.

त्या वॉर्डात औषधं बघणाऱ्या एक बाई होत्या, डॉक्टर नव्हेत, गोळ्यांच्या हिशोबाच्या. पोरसवदा. स्टूल ओढून दादाच्या उशाशी बसल्या आणि म्हणाल्या, "काका, मला तुमचा एक दिवस सांगा. उठल्यापासून." दादाने सांगितलं. त्यांनी घाई केली नाही. चहापाशी आल्यावर म्हणाल्या, "चहाबरोबर काय?"

"काही नाही. नुसता."

"आणि जेवण?"

"ते सातनंतर. चाखत चाखत."

"चाखणं म्हणजे किती? सगळं मिळून एका ताटाएवढं?"

दादाने हात वर केला आणि तळहाताचा खळगा दाखवला. असं दहा वेळा. त्याचं त्यालाच कळलं असावं, कारण हात त्याने खाली नेलाच नाही, तसाच धरून बसला.

मग त्यांनी विचारलं, "पित्तासाठी काही घेत होता?" दादा काही बोलायच्या आधी मी म्हटलं, "मी देत होते."

बाईंनी मला समजावून सांगितलं, ते मला जसं समजलं तसं लिहिते. ही गोळी अशी आहे की ती पोटात आपोआप विरघळत नाही. तिला भरलेलं पोट लागतं, चांगलं ताटभर जेवण, घासभर नव्हे. जेवण आलं की पोट आंबट रस सोडतं, त्यात ती विरघळते आणि मग रक्तात जाते. पोट रिकामं असेल तर बरीचशी तशीच पुढे निघून जाते. आणि पित्ताची गोळी काय करते, तर तो आंबट रसच बंद करते. म्हणजे दादाने उपाशीपोटी अर्धी घालवली आणि उरलेली मी घालवली. रक्तात थोडी थोडी जात राहिली, रोगाला मारायला पुरेना, पण ओळख व्हायला पुरली. रोग शहाणा झाला. मग ती गोळी त्याला चालेना, आणि तिच्या बहिणी होत्या, त्याच जातीच्या गोळ्या, त्याही चालेनात.

मी बाहेर पॅसेजमध्ये जाऊन भिंतीला डोकं लावून उभी राहिले. आत आले तर दादा म्हणतो, "ये डॉक्टरीणबाई."

मी म्हटलं, "मारलं की रे मी तुला."

तो म्हणाला, "तू कशी? जेवायचं मी टाळलं." मग म्हणाला, "तीस वर्षं लोकांना वाढलं आणि जेवण कशाला म्हणतात तेच मला माहीत नाही. सांगू नको कुणाला, फार हसतील."

नवीन औषधं सुरू केली, ती नळीतून द्यायची होती. एकदा मी त्याची जुनी उरलेली एक गोळी दाताने फोडून भाताच्या पेजेत कालवायला घेतली, म्हटलं तीही जाऊ दे, दोन्ही मिळून तरी लागतील. नर्सबाईंनी हात धरला. म्हणाल्या, प्रत्येक गोळी फोडायची नसते, आणि तुमच्या मनाने तर कुठलीच नाही. बरोबर बोलल्या. माझ्या मनाने फार झालं होतं. नवीन औषधाने ताप दोन दिवस उतरला, आम्हाला वाटलं वळलं. पण शरीरात काही शिल्लक राहिलं नव्हतं. मोठ्या डॉक्टरांना मी विचारलं, "हे जेवणानेच झालं का?" ते म्हणाले, "एकाच गोष्टीने झालं असं सांगता येत नाही, तुम्ही मनाला लावून घेऊ नका." चांगले माणूस. पण मी काय लावून घ्यायचं ते त्यांना काय विचारायचं.

दादा गेल्यावर नवव्या दिवशी मावशी आल्या. तीन जिने चढून, धापा टाकत. दादाच्या कँटीनमधल्या कपाटातलं सामान एका पिशवीत आणलं होतं. दोन ॲप्रन धुऊन इस्त्री केलेले, चष्मा, कंगवा. मी चहा ठेवला. त्या घरभर बघत होत्या, मशीनकडे, खाटेकडे. म्हणाल्या, "नवा आचारी आलाय. चाखत नाही. म्हणतो मला अंदाज आहे. अंदाज कसला, काल माणसं ताटं टाकून उठली."

मी कपात चहा गाळला.

मग म्हणाल्या, "अल्सर नव्हता ना गं?"

मी म्हटलं, "नव्हता."

"मला माहीत होतं."

मी विचारलं, "कधी कळलं?" त्या म्हणाल्या, "पहिल्याच वर्षी. दवाखान्यातनं थेट कामावर आला होता, त्याच्या कपाटातनं मीठ काढायला गेले तर बाटली. माझ्या भाच्याकडे तसलीच असते, गेली चौदा वर्षं घेतोय, दोन पोरांचा बाप आहे. मी ओळखली."

"आणखी कुणाला माहीत होतं?"

"टेबलावर सगळ्यांना."

माझ्या हातातली बशी मी खाली ठेवली. म्हटलं, "आणि तुम्ही जेवत होता त्याच्याबरोबर?"

"जेवत होतो म्हणजे? रोज एका टेबलावर. त्याच्या हातचं. न जेवायला काय झालं?"

"मग बोलला का नाहीत मावशी? एकदा तरी?"

त्या पदराशी चाळा करत बसल्या. मग म्हणाल्या, "तो लपवत होता ना. माणूस एवढ्या जिवाने लपवतो तर आपण बघितलं म्हणून सांगायचं का? आम्हाला वाटलं, मान राखतोय त्याचा."

नऊ वर्षं. त्यातलं शेवटचं सव्वा वर्ष, रोज चार वाजता भरलं ताट समोर, आणि गोळी भिंतीपलीकडच्या कपाटात किंवा घरी. नुसती खिशातून काढून तोंडात टाकायची होती. कुणी मानसुद्धा वर केली नसती. मावशी फार तर म्हणाल्या असत्या, वस्ताद, पाणी घे वरनं.

मला त्यांचा राग आला. इतका आला की मी उठून मशीनवर जाऊन बसले आणि पाठ करून कड शिवायला लागले. मी गोळीचं, चहाचं, जेवणाचं काहीएक त्यांना सांगितलं नाही. सांगितलं असतं तर त्या तिथेच कोसळल्या असत्या. राग होता तरी तेवढं कळत होतं मला. चहा न पिताच त्या उठल्या. "येते गं," म्हणाल्या. मी "हं" म्हटलं.

बराच वेळ जिन्यात पावलं वाजली नाहीत म्हणून मी बाहेर डोकावले. मावशी चौथ्या पायरीवर बसल्या होत्या. चपलेचा बंद तुटला होता आणि त्या दोऱ्याने बांधायला बघत होत्या, दोरा काही ओवला जात नव्हता. मी घरात आले. माझ्याकडे पिनांना काय तोटा. एक मोठी बघून घेतली, पायरीवर खाली बसले, त्यांचा पाय मांडीवर ओढून घेतला आणि बंद टाचून दिला.  मग कठड्याला धरून त्या एक एक पायरी उतरत गेल्या.